टेबलावर मी होते

"आजी, बसली बघा झडप. ऐकू येतंय ना?"

"ऐकालोय की," मी म्हटलं. "मला काय झोप लागलीय व्हय?"

डॉक्टर देवस्थळी मास्कच्या आतल्या आत हसले. आमच्या गडहिंग्लजकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'आलो, गेलो' असंच म्हणतात, आणि देवस्थळी पडले पुण्याचे. त्यांना याची भारी मजा वाटायची, म्हणून आदल्या दिवसापासून ते मला मुद्दाम बोलतं करत होते. मीही त्यांना निराश करत नव्हते. अरुंद टेबलावर उताणी, अंगावर हिरवं कापड, खोलीत गारठा, जांघेपाशी बधिर केलेलं आणि डोक्यात जराशी गुंगी. पुरती भूल या वयात नको, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यामुळे माझ्या हृदयात नवी झडप बसवली जात असताना मी चांगली जागी होते आणि वरच्या छताला किती वाईट रंग दिलाय ते बघत होते.

माझं वय तेव्हा एक्क्याऐंशी. मी मालन हुक्कीरे. गडहिंग्लजात मला सगळे अक्का म्हणतात, आणि लग्न असो, बारसं असो की मयत, मांडव आमचाच असतो. नवऱ्यानं धंदा सुरू केला आणि अर्ध्यावर टाकून तो देवाघरी गेला. पुढं मीच बांबू मोजले, मीच कापडं धुऊन घेतली, मीच शिडीवर चढून गाठी तपासल्या. त्या वर्षी एका लग्नाच्या मांडवात शिडीच्या तिसऱ्या पायरीवर माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी खाली आले. तपासणीत कळलं की हृदयाची एक झडप चुना साचून घट्ट झालीय, नीट उघडतच नाही.

कोल्हापूरच्या मोठ्या हॉस्पिटलात देवस्थळींनी दोन वाटा सांगितल्या. छाती उघडून झडप बदलायची, नाहीतर जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळीनं नवी झडप आत न्यायची, काहीही न कापता. त्यांनी हे सगळं माझ्या मुलाला, राजशेखरला, आणि माझ्या धाकट्या दिराला, इराप्पाला सांगितलं. मी बाजूच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. इराप्पा निवृत्त हेडमास्तर. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात छत्री, आणि घराण्यातला कुठलाही निर्णय त्याच्या तोंडून बाहेर पडायचा अशी रीत. मी लग्न होऊन आले तेव्हा हा शाळेत जायचा आणि त्याची भाकरी मी बांधून द्यायची. आता तो माझ्याबद्दल डॉक्टरांना प्रश्न विचारत होता.

"या वयात कापाकापी नको," इराप्पा म्हणाला. राजशेखरनं मान डोलावली आणि सह्या केल्या. मला कुणी विचारलं नाही. पण होतं ते माझ्या मनासारखंच, त्यामुळे मलाही त्याचं काही वाटलं नाही.

तर झडप बसली. देवस्थळींनी पडद्याकडं बोट दाखवून मला म्हटलं की, आता तुम्ही परत शिडीवर चढणार आणि मुलाच्या शिव्या मी खाणार. कुणीतरी हसलं. कुणीतरी हातमोजे काढायला लागलं. आणि त्या हसण्याच्या मधेच मला घाम फुटला.

आधी वाटलं, गारठ्यानं असेल. पण गारठ्यात घाम कसा येईल? छातीवर कुणी बसल्यासारखं झालं आणि माणसांचे आवाज लांब गेले. मी म्हटलं, "डॉक्टर, मला कसंतरीच होतंय." ते माझ्या तोंडाकडं न बघता यंत्राकडं बघू लागले. मग त्या खोलीतलं सगळं हसणं एकदम थांबलं आणि सगळ्यांचे हात भराभर चालायला लागले. पुढचं थोडं मला आठवत नाही.

पुन्हा भान आलं तेव्हा बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या बाजूला एक नळी घातलेली होती. दुखत होतं, पण श्वास घेता येत होता. नळीतून रक्त येत होतं. एक नर्स ते बघून डॉक्टरांना सांगत होती, थोड्या वेळानं परत सांगत होती, आणि प्रत्येक वेळी देवस्थळींचा चेहरा उतरत होता. मला ते दिसत होतं. पडलेल्या माणसाला काही दिसत नाही असं उभ्या माणसांना का वाटतं, देव जाणे.

मग एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या. उंच, चष्मा, हातात घड्याळ नाही. त्यांचं आणि देवस्थळींचं कोपऱ्यात बोलणं झालं. देवस्थळी बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले. आल्यावर दोघं इंग्रजीत बोलू लागले. मी शिकले सातवीपर्यंत. पण 'एटी-वन' आणि 'फॅमिली' एवढं कळायला इंग्रजी यावं लागत नाही. शिवाय देवस्थळी बोलता बोलता मान हलवत होते, आणि ती मान कुठल्या बाजूला हलत होती ते मला नीट दिसत होतं.

"ते नको म्हणालेत, व्हय?" मी विचारलं.

दोघंही दचकले. देवस्थळी जवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजी, तुम्ही बोलू नका. ताण घेऊ नका. आम्ही आहोत ना."

"तुम्ही हाईसा, ते दिसालंय. मीबी हितं हाय. टेबलावर मी हाय आणि तुम्ही बाहेर जाऊन कुणाला विचारून आलासा? हृदय कुणाचं फाटलंय?"

फाटलंय हा शब्द मी अंदाजानं टाकला होता. पण तो नेमका बसला. देवस्थळींनी हात काढून घेतला. त्या डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला आणि माझ्या तोंडाशी वाकल्या.

"अक्का, मी डॉक्टर मुजावर. कागलची हाय," त्या म्हणाल्या. आमच्याच बोलीत म्हणाल्या, आणि मला इतका वेळ आवरलेलं रडू तिथं यायला लागलं. "खरं सांगू काय?"

"खोटं ऐकायला आता वेळ हाय काय?"

मग त्यांनी सांगितलं. झडप बसवताना हृदयाचे ठोके आवरायला एक बारीक तार आत सोडतात. माझ्या हृदयाची भिंत वयामुळं पातळ झालेली, तिला त्या तारेनं भोक पडलं. झडप छान बसली होती, घात त्या तारेनं केला. रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचत होतं आणि हृदयाला आवळत होतं. नळीनं ते काढत होते म्हणून मी बोलू शकत होते. बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं. माझं थांबत नव्हतं. आता छाती उघडून त्या भोकाला टाका घालणं एवढंच उरलं होतं.

"घातला तर वाचतो काय मी?"

"सांगता येत नाही, अक्का. धोका निम्म्याहून जास्त. टेबलावर जाऊ शकता. वाचलासा तरी बरेच दिवस मशीनवर, मूत्रपिंडं बसू शकतात, डोक्यावर परिणाम होऊ शकतो. सोपं काही नाही."

"आणि न्हाई घातला तर?"

त्यांनी नुसतं नळीकडं बघितलं.

"मग कसला विचार करालायसा? घाला टाका."

देवस्थळी म्हणाले, "मॅडम, नातेवाइकांचा स्पष्ट नकार आहे. त्यांचा नकार असताना आपण उघडलं आणि उद्या काही झालं, तर..." आदल्या वर्षी त्याच हॉस्पिटलात एका पेशंटच्या लोकांनी काचा फोडल्या होत्या आणि एका डॉक्टरचा हात मोडला होता, हे मला नंतर कळलं. त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्या क्षणी मला त्यांच्या भीतीचं काही देणंघेणं नव्हतं. मी मरत होते, आणि मला सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं.

"माझ्या पोराला आत बोलवा," मी म्हटलं. "तो नको म्हणाला ना? माझ्या तोंडावर म्हणू दे."

राजशेखरला हिरवा झगा घालून आत आणलं. बँकेत मोठा अधिकारी माणूस, पन्नाशी ओलांडलेला, पण डोक्यावरची ती टोपी वाकडी बसलेली. नळीकडं बघून त्यानं मान फिरवली. त्याच्यामागं दारात इराप्पा उभा होता. त्याला आत सोडत नव्हते आणि तो बाहेर जात नव्हता, त्यामुळे दार अर्धं उघडंच राहिलं.

"आई," राजशेखर म्हणाला, "तुझे हाल होतील गं. मला बघवणार नाहीत."

"मग बघू नको. बाहेर बस. हाल माझं हाईत, तू कशाला वाटून घेतोस?"

"डॉक्टर म्हणतात टेबलावरच..."

"आता मी काय गादीवर झोपलोय व्हय?"

तो रडायलाच लागला. तेव्हा दारातून इराप्पा बोलला. सभेत बोलतो त्याच शांत, समजुतीच्या आवाजात. "वैनी, शांतपणं जावा की. सगळं बघितलासा. संसार बघितलासा, धंदा बघितलासा, नातवाचं लगीन बघितलासा. आणि काय पाहिजे?"

त्या प्रश्नाचा मला जो राग आला, तसा राग जन्मात आला नव्हता. माझ्यात श्वास नव्हता, तरी तो राग मला पुरला.

"आणि काय पाहिजे म्हणजे? भावजी, तुमचं वय शहात्तर. उद्या सकाळी तुम्हाला काय पाहिजे, असं तुम्हाला कोण विचारतंय काय? तुम्ही उठतासा, चहा पितासा, पेपरातल्या चुका काढतासा. मलाबी तेच पाहिजे. त्याला कारण द्यायला मी काय रजेचा अर्ज लिहालोय?"

मला दम लागला आणि डॉक्टर मुजावरांनी नळीला काहीतरी केलं. मग मी राजशेखरचा हात धरायचा प्रयत्न केला. माझ्या हातात सुया होत्या, म्हणून त्यानंच माझी बोटं धरली.

"राजा, माया करतोस म्हणून नको म्हणालास. मला कळतंय ते. पर मला एकदा विचारायचं होतंस की रे."

त्यानं माझ्या बोटांकडं बघितलं. मग डॉक्टरांकडं न बघताच म्हणाला, "ती म्हणते तसं करा."

"मुलगा काय म्हणतो ते राहू दे," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "अक्का, तुम्ही सांगा. छाती उघडू?"

"उघडा."

"सगळ्यांनी ऐकलं?" त्यांनी विचारलं. नर्सनं हो म्हटलं, आणखी कुणीतरी हो म्हटलं, आणि शेवटी देवस्थळींनीही हो म्हटलं. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. दारातून इराप्पा नाहीसा झाला होता. मला ढकलत शेजारच्या ऑपरेशन थिएटरकडं नेताना त्या कागलच्या बाई माझ्या बाजूनं चालत होत्या आणि विचारत होत्या, मयताच्या मांडवाला आणि लग्नाच्या मांडवाला गाठ वेगळी असते काय हो? मी म्हटलं, गाठ तीच, कापड वेगळं. त्यानंतर काळोख.

वाचले, हे तर तुम्हाला दिसतंच आहे. पण राजशेखर म्हणाला होता तेवढे हाल झाले, त्यात त्यानं काही वाढवून सांगितलं नव्हतं. कितीतरी दिवस नळी घशात. मग डोकं फिरलं. आयसीयूच्या छताला आमची मांडवाची पोरं उलटी लटकून कापड बांधताहेत असं मला दिसायचं आणि मी त्यांना खाली उतरा म्हणून हातवारे करायची. मूत्रपिंडं रुसली, मग मानली. खोकला आला की छातीची जखम जीव काढायची. बोलायला आवाज उरला नव्हता. एकदा तर मला सगळ्यांचा आणि माझा स्वतःचाही इतका वीट आला की मी राजशेखरला खुणेनं विचारलं, हे कशाला केलं? पण आपणच मागून घेतलेल्या दुखण्यावर चिडायलाही एक जोर लागतो, आणि तो जोर मला रोज सकाळी येत होता.

घरी यायला दीड महिना लागला. गाडी आमच्या गल्लीत वळायच्या आधी राजशेखरनं ती बाजूला घेऊन थांबवली आणि म्हणाला, "आई, तुला एक सांगायचं राहिलंय. घरासमोर मांडव आहे."

"कुणाचं लगीन हाय?"

"लग्नाचा नाही."

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टर पहिल्यांदा बाहेर येऊन बोलले तेव्हाच इराप्पानं गावात फोन लावला होता. वैनी संपल्यातच जमा, दारात मांडवाचं बघा. आमच्याकडं मयत घरी यायच्या आधी दारात पांढरा मांडव आणि खुर्च्या लागतात, माणसं बसायला येतात म्हणून. असे फोन मीच जन्मभर घेत आले. या वेळी तो दत्तू कोरव्यानं घेतला. दत्तू म्हणजे आमचा सगळ्यात जुना गडी. तो ढसाढसा रडला, आणि आमच्याकडचं सगळ्यात नवं पांढरं कापड काढून त्यानं दारात मांडव घातला. संध्याकाळी कळलं की अक्का जिवंत आहे.

आता पंचाईत अशी झाली की मांडव उतरवायचा कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नाचा मांडव पूजा झाल्यावर उतरतो, मयताचा दिवसकार्य उरकल्यावर. पण माणूस मेलंच नाही तर कधी? दत्तूची बायको म्हणाली, अक्का तिकडं मशीनवर असताना हात लावू नका, काहीतरी संपवल्यासारखं होतंय. तिचं ऐकून सगळी गप्प बसली. दीड महिना तो मांडव तसाच उभा. गल्लीतली रिक्षा वळसा घालून जायची, आणि दुपारी खाली शेळ्या बसायच्या.

मी गाडीतून उतरले तेव्हा सगळी गल्ली बाहेर येऊन उभी होती. दत्तू खांबाला धरून खाली मान घालून उभा. इराप्पा आमच्या पायरीवर, छत्री दोन्ही हातांत. अक्का आता कुणाचा जीव घेणार, हेच सगळ्यांच्या तोंडावर होतं. मी हळूहळू चालत मांडवाखाली गेले. वर बघितलं. कापड धुळीनं राखाडी झालं होतं.

"दत्तू, ह्यो कोपऱ्यातला खांब वाकडा हाय. माझ्या मयताला असलं काम करतोस व्हय रे?"

दत्तू एकदम हसला आणि त्याच वेळी रडलाही. मी खुर्ची मागवली, मांडवाच्या बरोबर मधोमध ठेवली आणि बसले. चहा मागवला. इराप्पाला हाक मारली. "बसा भावजी. मांडव माझा, मी त्यात जिती बसलोय. तुम्हाला कशाची लाज?" तो बसला. त्यानं माफी मागितली नाही आणि मी मागायला लावली नाही. चहा मात्र मी दोन कप प्याले, सगळ्या गल्लीदेखत.

लोक ही गोष्ट इथपर्यंत ऐकतात, पोट धरून हसतात आणि संपली म्हणून उठतात. पाव्हण्यांत, लग्नात, मठातसुद्धा ती सांगून झाली. मीही ती इथंच संपवायची. गेल्या वर्षापासून मला ती तिथं संपवता येत नाही.

गेल्या वर्षी इराप्पा ऐंशीचा झाला आणि त्याच्याही झडपेनं दगा दिला. तीच झडप, तोच चुना. पण आता घर बदललं होतं. माझं उदाहरण समोर होतं ना. ज्या राजशेखरच्या तोंडून नको शिवाय काही निघत नव्हतं, तोच आता काकाच्या मुलांना धीर देत होता, की आईचं एवढं बिघडून निभावलं, तर काकांचं का नाही होणार? हॉस्पिटल तेच ठरलं, डॉक्टर देवस्थळीच ठरले. इराप्पा काही बोलला की सगळे म्हणायचे, भ्यालेत, अक्काकडं बघा म्हणावं. शेवटी त्यांनी मलाच कोल्हापूरला बोलावलं, त्याची समजूत घालायला.

मी समजूत घालायलाच गेले होते. मला तो हवा होता. मला अक्का म्हणणारी शेकड्यानं आहेत. वैनी म्हणणारा तो एकटा उरला होता. मी नव्या लुगड्यात दारातून आत येताना ज्यांनी मला बघितलं, त्यातलं दुसरं कुणीही आता या जगात नव्हतं.

खोलीत त्याची दोन्ही मुलं होती, राजशेखर होता, देवस्थळी होते. इराप्पा खाटेवर बसला होता. गळ्याची हाडं वर आलेली, विभूती मात्र नीट लावलेली. मी त्याला नेहमीसारखं दटावलं. "काय भावजी, भ्यालासा व्हय? मी बाई असून उघडून घेतली छाती. तुमचं तर नुसतं जांघेतनं हाय."

"भ्यालो न्हाई, वैनी," तो म्हणाला. दम घेत घेत बोलत होता. "मला नको हाय. चार दिवस झालं सांगालोय. कोण ऐकंना. मी तोंड उघडलं की तुमचं नाव घेतात आणि माझं तोंड बंद करतात."

त्याचा थोरला म्हणाला, "बाबा, उगीच बोलून दम लावून घेऊ नका."

इराप्पानं त्याच्याकडं बघितलंच नाही. तो माझ्याकडं बघत राहिला. "त्या दिवशी टेबलावर तुम्ही माझ्याशी भांडलासा. मला तेव्हा राग आला होता. आज मला सांगा वैनी, मला कोण विचारालंय?"

मी देवस्थळींकडं वळले. "डॉक्टर, ह्यांना विचारलासा काय?"

"घरच्यांशी सविस्तर बोलणं झालंय, आजी," ते म्हणाले. आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा असा काही झाला, की त्यांना ती जुनी खोली आठवली असणार.

मी इराप्पाच्या खाटेवर बसले. "नक्की नको?"

"नक्की."

"का पर?" माझ्या तोंडून गेलंच. त्यानं सांगायला तोंड उघडलं आणि मी हात वर केला. "ऱ्हाऊ दे. सांगू नका. कारण कुणाला सांगायचं न्हाई."

तो हसला. खूप वर्षांनी मला त्याच्या तोंडावर ते शाळेत जाणारं पोर दिसलं, आणि त्याला खांद्याला धरून टेबलावर झोपवावं, हो म्हणेपर्यंत सोडू नये, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी उठले.

"ऐकलासा नव्हं सगळ्यांनी? नको म्हणालेत. कपडे भरा, घरी न्यायचं हाय."

"अक्का, तुम्ही तरी असं बोलू नका," त्याचा थोरला रडकुंडीला येऊन म्हणाला. "तुम्ही जगलात की! तुम्ही तरी त्यांना समजवा. असं हातानं घालवायचं काय त्यांना?"

"खाटेवर कोण हाय?" मी विचारलं. "तू हाईस? मी हाय?"

त्याला ऑपरेशनला न्यायला बाहेर ढकलगाडी घेऊन दोन माणसं येऊन उभी राहिली होती. आत काय ठरलं ते त्यांना कळवलेलंच नव्हतं. एकानं दार ढकललं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून वाहत होतं, पदरानं पुसायलाही मी थांबले नाही. पंच्याऐंशी वर्षांची मी त्या दारात चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावून उभी राहिले.

"आता ह्यांच्या अंगाला कोण हात लावतोय," मी म्हटलं, "तेच बघतो मी."